न चाखलेली आमटी

माझी थोरली सून गावच्या शाळंत मास्तरीण. पोरांना खिचडी वाढायच्या आधी मास्तरांनी चाखायची, असा सरकारी नियम हाय. इतकी वर्षं चाखून तिला घरीबी तीच सवय लागली. मी लई ओरडायचो, "गड्यामाणसाच्या आधी बाईनं खायचं व्हय?" ती हसून म्हणायची, "मामंजी, नियम हाय."

आता जुन्या मास्तरांनीबी पात्रता परीक्षा पास व्हायची, न्हाय तर नोकरी जाणार, असं ठरलं. पन्नाशीत ती नापास झाली. मी फेटा बांधून तालुक्याला, परंड्याच्या शिक्षण हापिसात जाऊन भांडलो. सायेब म्हणाले, "आजोबा, कायदा वरनं येतो. आमच्या हातात काय न्हाय."

काल शेवटच्या संधीच्या परीक्षेचा निकालबी नापासच आला. सांजच्याला तिनं न चाखताच आमटी वाढली. मीठच नव्हतं. मी तशीच आमटी भाकरीत कुस्करून जेवलो.