कव्हर नसलेलं मशीन

उत्तरेतल्या या शहरात, महानगर नावाच्या वस्तीतल्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक बाई एकट्या राहतात. नाव मी कधी विचारलं नाही. गळ्यात बारीक क्रूस, खोचलेला पदर आणि व्हरांड्यात सदा घरघरणारं वॉशिंग मशीन. बँकेत जाताना मी रोज बघायचो. इस्पितळाबाहेर फुटपाथवर मुक्काम ठोकलेल्या, रुग्णांच्या नातेवाइकांचे कपडे त्या रिक्षात घालून आणायच्या आणि धुऊन, वाळवून, घड्या करून संध्याकाळी परत न्यायच्या. शर्टाचं बटण सैल दिसलं, तर मशीनमध्ये टाकण्याआधी टाका घालायच्या.

एकदा मशीन बंद पडलं. मेकॅनिक कुरकुरला, "आंटी, इतना चलाओगी तो बैठ ही जाएगी." जाता जाता मीही शहाणपणा केला, "थोडा आराम दीजिए इसे."

त्यांनी ओले हात पदराला पुसले. "मशीन प्रभु की दी हुई है, भैया. ऊपर पूछेंगे तो क्या कहूँगी, कवर चढ़ाकर रखी थी?" एवढं बोलून त्या बादलीतली चादर हातानेच घासायला बसल्या.

आमच्या घरी मशीन आठवड्यातून दोनदा चालतं. एरवी त्यावर बायकोने अमीनाबादच्या बाजारातून हौसेने आणलेलं फुलाफुलांचं कव्हर असतं. आठ दिवस मी त्या कव्हरकडे नुसता बघत होतो. नवव्या दिवशी त्यांच्या फाटकाशी जाऊन म्हणालो, "एक गठरी मुझे दे दीजिए."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि दोन दिल्या.