जुनं दाखवल्याशिवाय नवं नाही

जुना नमुना हातात असेल, तर माझ्या थोरल्या नणंदबाई चंद्रावरून सुटा भाग आणतील आणि तो बरोब्बर बसेल. कुठलीही वस्तू नाव सांगून घ्यायची नाही, जुनी दुकानात नेऊन दाखवायची, हा वन्संचा नेम. कुकरची रबरी रिंग बांगडीसारखी मनगटात अडकवून त्या पळस्प्याहून रिक्षाने पनवेलच्या बाजारात येतात. एकदा नळ बदलायचा होता, तर अख्खा नळ उपसून आणला. जोडीचा मिळेपर्यंत बिल्डिंगचं पाणी बंद आणि वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अंगाला साबण लावून बसलेले. भावजींना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, शर्ट घ्यायचा तर भावजींना आणत नाहीत, शर्ट आणतात. "माणूस पोट आत घेतो," म्हणतात, "शर्ट नाही घेत."

मध्यंतरी त्यांचा कॉम्प्युटर दमला. लेक मस्कतला असते. भावजींना एकटं सोडून विमानात बसायची सोय नाही, तेव्हा नात भेटायची ती त्या पडद्यावरच. तिथल्या मराठी मंडळात ती पहिल्यांदा नाचणार होती आणि ते इथे थेट दिसणार होतं. पण अलीकडे कॉल लागला, की नातीचा हात वर जाई आणि वरच राही.

दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, मेमरी वाढवा. मी कामाला लागले. माझ्या कॉम्प्युटरला डीडीआर-फोर जातीची पट्टी आहे, वन्संकडचाही तसाच काळा डबा, म्हणून दुकानात तीच सांगून ठेवली. वन्सं म्हणाल्या, "जुनी बघितलीस?" सगळ्या सारख्याच असतात, असं मी सांगून टाकलं. त्यावर त्यांनी वीज बंद केली, वायर उपसली, डब्याचं झाकण काढलं आणि बाजूच्या खिट्ट्या उघडून, भाजलेला पापड उचलावा तशी कडांना धरून ती टीचभर पट्टी बाहेर काढली. आयुष्यात पहिल्यांदा. आता कॉम्प्युटर पुरता मेलेला आणि नाच संध्याकाळी.

बाजारातल्या दुकानदाराने मी सांगून ठेवलेली पट्टी पुढे केली आणि नुसतं नाव सांगितलं तरी दिली असती की काकी, म्हणून हसला. वन्संनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. खालच्या सोनेरी दातांमध्ये एक खाच असते. जुनीची एका अंगाला होती, नवीची मध्याकडे सरकलेली.

दुकानदाराचं हसू मावळलं. "काकी, तुमची डीडीआर-थ्री आहे. ही जबरदस्तीने दाबली असती, तर बोर्डच गेला असता."

हे तो माझ्याकडे न बघता म्हणाला, एवढी त्याची मेहेरबानी. मागच्या खणातून त्याने त्या जातीची पट्टी हुडकून दिली. वन्संनी तीसुद्धा खाचेला खाच लावून पाहिली, मगच घेतली.

जुनी-नवी दोन्ही पट्ट्या डब्यात बसल्या आणि संध्याकाळी नात कुठेही न अडकता नाचली. भावजी टाळ्या वाजवत होते. वन्संचं लक्ष मात्र नाचाकडे नव्हतं. "हात केवढा झालाय गं तिचा," त्या म्हणाल्या. "मागच्या बांगड्या आता चढायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या कासाराकडे गेल्या. त्याने माप मागितलं. वन्संनी अंगठा आणि बोट जुळवून एक कडं केलं, जरा मोठं केलं, पुन्हा लहान केलं, आणि ते हवेत तसंच धरून राहिल्या.

"अंदाजे द्या," म्हणाल्या.