तिसरा तारा

आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ, म्हणजे चूलसुद्धा न पेटवायचा विसाव्याचा दिवस, संपतो, मगच चहा ठेवायचा. कॅनडात ओकव्हिलला आल्यावरही बाबांनी हा नियम सोडला नाही. फ्रिजवरच्या कॅलेंडरात प्रत्येक शनिवारची वेळ मिनिटासकट छापलेली असते, पण तिच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

"बाबा, चारशे वर्षांपूर्वीच लोकांनी आकाश बघून, आकडेमोड करून ग्रहांची चाल पकडली. पुढच्या वर्षी मंगळ कुठे असेल तेही आज सांगता येतं."

"सांगू देत की. मंगळाला कुठे चहा प्यायचाय?"

शुक्र तर ते मोजायचेच नाहीत. तो फिरस्ता, त्याचं काय खरं, म्हणायचे. जागचा हलत नाही तोच तारा.

मी जात्याच संशयी. या विंटरमध्ये शनिवारी चहाला येताना माझ्या लक्षात आलं की बाबा डेकवर उभे राहतात आणि बरोबर छापलेल्या मिनिटाला "झाले तीन" म्हणतात. पूर्वी कधी थोडं आधी, कधी उशिरा, आणि ढग असले की नुसती कुरकुर. आता ढग असोत नसोत, यांचे तारे वेळेवर हजर. मला वाटलं, म्हातारा चोरून फोन बघतो आणि वर आम्हाला अक्कल शिकवतो. असा राग आला म्हणून सांगू. एकदा त्यांचं जॅकेट आत टांगताना खिसे चाचपले. फोन नव्हता.

मग मी कान देऊन बसायला लागले. दर शनिवारी, नेमकी ती वेळ झाली की किचनमधून आई खोकायची. एकदाच. सर्दी नाही, पडसं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

पुढच्या शनिवारी वेळ व्हायच्या जरा आधी मी मुद्दाम आईला लोणच्याची बरणी आणायला बेसमेंटमध्ये पाठवलं आणि बाबांशेजारी जाऊन उभी राहिले. वेळ टळली. डोक्यावर चांगले सात-आठ तारे आले होते, तरी बाबा गप्प.

"किती झाले?" मी विचारलं.

त्यांनी घराकडे कान केला. आतून काहीच आलं नाही. मग गावच्या मोठ्या तळ्याच्या बाजूला बोट करून म्हणाले, "तो एक, तो दुसरा, आणि तो तिसरा."

तिन्ही विमानं होती, विमानतळाकडे उतरणारी. शुक्राला न मोजणारा माझा बाप विमानं मोजत होता. राग कुठल्या कुठे गेला.

"बाबा, तुम्हाला दिसत नाहीये."

त्यांनी बोट खाली घेतलं. मग म्हणाले, "काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही म्हणे. तुझ्या आईला माहीत आहे."

"आणि गाडी? काल तिला ग्रोसरीला कोण घेऊन गेलं?"

"मीच. सिग्नल ती सांगते."

हे ते इतक्या सहज म्हणाले की ओरडू की रडू मला कळेना. मी किल्ली मागितली. भांडतील म्हणून कंबर कसून उभी होते, पण ते मुकाट्याने आत जाऊन घेऊन आले.

"आता तिला कोण नेणार?"

"मी नेईन की, बाबा."

"तू शनिवारची येतेस, चहा पिऊन जातेस," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.