आत्याचा पुरस्कार

माझी आत्या शिवणकाम करायची. दुकान खाली, राहायला वर. वरच्या दोन खोल्यांत तिच्याबरोबर बाई राहायच्या. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या आणि घरी कादंबऱ्या लिहायच्या. नातेवाईक त्या दोघींना 'मैत्रिणी' म्हणत आणि घाईघाईने विषय बदलत. आत्या मात्र सरळ सांगायची, "आमचा संसार आहे."

बाईंच्या कादंबरीत दोन बायकांचं प्रेम होतं. प्रकाशक म्हणाला, "यातल्या एकीला पुरुष करा, लगेच छापतो."

"मग लेखक म्हणून नावही तुमचंच घाला," असं म्हणून बाई कागद उचलून घरी आल्या. पुढे एका छोट्या छापखान्याने ती कादंबरी काढली. वाचणाऱ्यांनी डोक्यावर घेतली, पण बक्षिसं देणाऱ्यांच्या नजरेस ती कधी पडलीच नाही.

बाई गेल्या आणि आत्याचं मशीन बरेच दिवस बंद राहिलं. मग एका सकाळी ती माझ्या वडिलांना म्हणाली, "दादा, बाईंच्या नावाने पुरस्कार ठेवतेय. आमच्यासारख्यांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांसाठी."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. कुणाचं पोट किती सुटलंय, सगळं मला ठाऊक आहे."

वडिलांना हसू फुटलं, आणि मग त्यांना नाही म्हणता येईना.

ढालबिल काही नाही; विजेत्याच्या मापाचा कोट, आत्याच्या हातचा. निवड बाईंच्या शाळेतल्या दोन शिक्षिका आणि ग्रंथपाल करणार होते. पहिल्या वर्षी जिंकला तो रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला एक माणूस. त्याने टोपणनावाने लिहिलं होतं. फोनवर म्हणाला, "मी मंचावर येणार नाही. आईला माझं काहीच माहीत नाही."

"नका येऊ. पण माप द्यायला तरी या. अंदाजाने कापड कापायची मला सवय नाही."

तो आला. अंग चोरून उभा राहिला.

"खांदे सोडा हो," आत्या म्हणाली. "असे आक्रसलात तर कोटही तसाच होईल."

त्याने खांदे सोडले आणि त्याला रडूच कोसळलं. आत्याने टेप गळ्यात अडकवली, चहा ठेवला आणि त्याच्याशी फक्त कादंबरीबद्दल बोलत बसली.

समारंभात त्याची खुर्ची रिकामी राहिली. टाळ्या मात्र भरपूर पडल्या. नंतर काही दिवसांनी तो कोट न्यायला दुकानात आला, सोबत एक म्हातारी. त्याची आई. त्याने तिला अख्खी कादंबरी वाचून दाखवली होती.

आईने कोटाचं अस्तर चाचपलं, लेकाला तो घालून बघितला. मग आत्याकडे वळून म्हणाली, "शिवलाय छान. पुस्तकाचा शेवट मात्र मला पटला नाही."

"मलाही नाही," आत्या म्हणाली.

मग दोघींनी मिळून त्या शेवटाची चिरफाड केली. तो मध्ये स्टुलावर बसून ऐकत होता. एवढी टीका सोसूनही इतका खूश झालेला लेखक मी दुसरा पाहिला नाही.

पुरस्कार अजून चालू आहे. आत्याला आता सुईत दोरा ओवता येत नाही. ते काम माझे वडील करतात.