शबनूरचा आखूड पाय

"एकदा खाली बसलं की सगळी सारखीच हायत की," हे शबनूरचं नेहमीचं बोलणं. एखादी नवी पोरगी लाजत, लंगडत संघात आली की शबनूर तिला हाताला धरून फरशीवर बसवायची आणि हेच ऐकवायची.

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत गाद्या भरणाऱ्या निसारची ही थोरली लेक. लहानपणी उसाच्या ट्रॉलीवरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण त्या पायाची वाढ खुंटली. उजवा पाय वाढत गेला, डावा मागं राहिला. बापाच्या दुकानात कापसाच्या ढिगावर बसून ती रस्त्यावरचे खेळ बघायची. व्हॉलीबॉल शिकवणाऱ्या उदयसिंह सरांनी तिला तिथनंच खेळात आणलं.

अपंगांच्या बैठ्या व्हॉलीबॉलची जाळी ठेंगणी. सरकायचं ते हातांवर, आणि चेंडू मारताना बूड जमिनीवरून उठलं की पंचाची शिट्टी वाजलीच. कोल्हापुरातलं एक मंगल कार्यालय त्यांना सरावाला मिळायचं, लग्न नसेल त्या दिवशी. फरशीवर राहिलेल्या अक्षता तळहाताला टोचायच्या.

"दुसऱ्याची लग्नं आपल्या हातात रुतत्यात गं," क्रांती म्हणायची आणि पोरी खिदळायच्या.

त्याच फरशीवर शबनूर घडली. राज्याच्या संघाची कप्तान झाली. जाळीपाशी तिचा हात आडवा आला की चेंडू आल्या वाटेनं परत जायचा. एकदा देशाकडून खेळायचं, एवढंच तिला हवं होतं.

तिच्या आईला, हुसेनबीला, लेकीची चाल सरळ व्हायला हवी होती. पाहुणे यायचे, चहा प्यायचे, पायाकडं बघून जायचे. पाय लांब करता येतो असं एका डॉक्टरनं सांगितल्यावर तिनं हट्टच धरला. शबनूरची पाठही दुखत होतीच.

"करूया की," ती म्हणाली. "खेळायचं बसून. पाय लांब झाला काय नि आखूड ऱ्हायला काय?"

सर गावच्या उभ्या व्हॉलीबॉलमधनं आलेले. त्यांनीही मान डोलावली.

मग पायाला लोखंडी कड्या बसल्या. रोज पान्यानं स्क्रू जरासा फिरवायचा, हाड केसभर सरकायचं. फार ठणकायला लागलं की ती भिंतीवर चेंडू मारत बसायची. कड्या निघाल्या तेव्हा तळहात मऊ पडले होते. ते तिनं पुन्हा राठ केले, आणि देशाच्या निवड चाचणीला तिचं नाव लागलं.

चाचणी कोल्हापुरातच होती. खेळाआधी तपासणी. बाकावर आडवं पाडून तिथल्या डॉक्टरनं दोन्ही पायांना कमरेपासून घोट्यापर्यंत टेप धरला. पुन्हा एकदा धरला.

"ऑपरेशन फार सुरेख झालंय. पण पायांतला फरक आता नियमात बसण्याइतका राहिला नाही. तुला नाही खेळता येणार."

"बसूनच खेळायचं हाय की, साहेब."

"तेच सांगतोय बेटा. आता तू उभ्यानं खेळू शकतेस."

शबनूरला पळता येत नव्हतं, उडी मारता येत नव्हती. ते टेपवर दिसत नव्हतं. तिनं छताकडं पाहिलं. रडू येईल म्हणून थोडा वेळ पडून राहिली. आलं नाही. उठून तिनं सलवार नीट केली.

सर आत जाऊन बोलून आले आणि तिच्याकडं न बघता चेंडूत हवा भरत बसले.

"आता जाळीवर कोण गं?" क्रांतीनं विचारलं.

"तू. हात लवकर उचलू नगंस."

बाजारातनं काय आणायचं ते सांगावं, तसं तिनं सांगितलं. पिशवी घेतली आणि मैदानाच्या कडेनं निघाली. दोन्ही बाजूच्या पोरी खाली बसल्या होत्या. चेंडू क्रांतीच्या मांडीवर होता. पंचानं शिट्टी तोंडाला लावली, पण वाजवली नाही.

दाराशी हुसेनबी डबा घेऊन उभी होती. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. शबनूर तिच्याशेजारनं बाहेर पडली आणि फाटकाकडं चालू लागली. पोरी खालून बघत राहिल्या. हुसेनबीही बघत राहिली. लेक किती सरळ चालते आहे, एवढंच ती बघत होती.