बारा बुधवार

शेजारच्या बोरकर भाऊजींनी त्या उन्हाळ्यात ठरवलं की बुधवार सोडून कुठल्याच दिवशी काही विकत घ्यायचं नाही. मीठ नाही, काडेपेटी नाही, कोथिंबिरीची काडीसुद्धा नाही. किराण्याचं दुकान त्यांच्या दारासमोर, मधे फक्त नाली. दुकानदार साहू बिचारा दोन आठवडे वाट पाहून शेवटी मलाच विचारायला आला, "दीदी, भैया हमसे नाराज हैं क्या?" मी म्हटलं, नाराज नाहीत, डोकं फिरलंय. आणि हे मी काही कौतुकानं म्हटलं नव्हतं.

आमची गल्ली रायपूरच्या पुरानी बस्तीतली, घराला घर चिकटलेली. भाऊजी मूळचे गोंदियाकडचे. सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. संध्याकाळी घरी आले की आधी अंगणातल्या नळाखाली नाक शिंकरायचे आणि पाणी काळं व्हायचं. हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय, कारण त्यांचा नळ आणि माझी मोरी यांच्यात एकच भिंत. पुढे ते रिटायर झाले, पण कारखान्यातला खोकला काही रिटायर झाला नाही. आणि स्वभाव तर स्टोअरचाच राहिला. बायकोनं पोळी वाढायला घेतली तरी विचारायचे, "स्टॉकमधी किती हाय?" दोन आहेत म्हटलं की एकच घ्यायचे. एक शिल्लक असलीच पाहिजे, असा त्यांचा कायदा होता.

बायको म्हणजे नलू. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, शांत, शुगरची पेशंट, दोन वेळा इन्सुलिन टोचून घेणारी. आमचे हे गेल्यापासून माझ्याशी दिवसभरात मराठी बोलणारं माणूस म्हणजे हीच. माझा मुलगा मराठी समजतो आणि उत्तर हिंदीत देतो, सुनेचं तर विचारूच नका. दुपारी चार वाजता नलू चहाला आली की मला माझा आवाज ऐकू यायचा. म्हणून आधीच सांगून टाकते: ही दोघं इथून जाऊ नयेत, असं मला वाटत होतं. पुढचं सगळं हे लक्षात ठेवूनच ऐका.

झालं असं, की कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्यानं भाऊजींना त्याचं गावाकडचं घर राहायला देऊ केलं. धमतरीच्या पार पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. कवेलूचं, म्हणजे कौलारू घर, मागे साल आणि मोहाची झाडं, पुढे बोअरिंग. दोघं जाऊन दोन दिवस राहून आले आणि भाऊजी बिघडले. चार महिने दुसरा विषय नाही. दुकानं किती आहेत, मी विचारलं. एक आहे म्हणाले, त्यात बिडी, बिस्किटं, साबण आणि मीठ मिळतं. भाजी? औषधं? ती तहसीलच्या गावी, बुधवारच्या बाजारात, आणि जीप तेवढ्या दिवशीच जाते. लाइट? येते, म्हणाले, येणं-जाणं चालू असतं.

मी म्हटलं, भाऊजी, सदर बाजार पायी वीस मिनिटांवर असलेला माणूस तुम्ही, तिथं आठ दिवसांत पळून याल. तर माणसानं रागवावं की नाही? हे रागावले नाहीत. म्हणाले, "वहिनी, आपण टेस्टिंग केल्याबिगर माल पास नाही करत. बारा बुधवार इथंच तसं राहून पाहू. एकही नागा झाला, तर कॅन्सल." आणि दरवाज्याच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला. वर बारा चौकोन, खाली नियम. औषधंसुद्धा बुधवारीच.

आता या नियमांत एक मेख होती, आणि ती माझ्या डोक्यावर ठोकलेली होती. शेजाऱ्याच्या घरात असेल ते मागून आणलेलं चालेल, त्याला दुकानात पाठवायचं नाही. का, तर "शेजार तर तिथं भी राहीन ना." झालं. गुरुवारी जिरं, शुक्रवारी हिंग, शनिवारी सुईदोरा, रविवारी पाहुणे आले म्हणून चहापत्ती. ते स्वतः वाटी घेऊन दारात उभे राहायचे, चेहऱ्यावर लाज म्हणून नाही. एकदा मी चिडून म्हटलं, अहो, समोर साहू बसलाय, पाच पावलं चाला. तर म्हणे, "कोणता साहू? मले तर इथं डोंगर दिसून राहिला." मी वाटी भरून दिली आणि दार आपटलं. दुसऱ्या दिवशी परत हजर.

नलूला मी विचारायची, तू काहून ऐकून घेतेस हे सगळं? ती हसायची आणि चहात बिस्किट बुडवायची. मला वाटायचं, भित्री आहे. नवऱ्यापुढे तोंड उघडत नाही.

खोटं कशाला बोलू, माणूस शिकतही होता. पहिल्या बुधवारी पाच किलो टमाटर आणले आणि शनिवारपर्यंत त्यांचं पाणी झालं, रायपूरचा मार्चही काही कमी नसतो. तर पुढच्या आठवड्यात पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, छत्तीसगढी बायकांकडे जाऊन सुकसी करायला शिकले. भाजी चिरून वाळवून ठेवायची, म्हणजे पावसाळाभर पुरते. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून टमाटर, भेंडी, वांगी, कोबी, सगळं वाळत घातलेलं. त्यात उघड्या डोक्यानं खोकत बसलेले हे. पाऱ्यातल्या बायका येता-जाता वर पाहून विचारायच्या, सुकसी का, अन् हे वरून "हव, हव" करत हात हलवायचे. एकतीस वर्षं बोल्ट मोजलेल्या माणसाला मी पहिल्यांदा असं खूश पाहिलं, आणि त्याचाही मला रागच आला.

नवव्या आठवड्यातली गोष्ट. शुक्रवार होता, भर दुपार. नलू मागच्या दारानं आली. हाताला काच लागलेली. फ्रीजमधून काढताना इन्सुलिनची शिशी निसटली आणि फुटली, आणि ती शेवटची होती; आपल्या औषधाचा हिशोब ती स्वतःच ठेवायची. बुधवारला पाच दिवस. भाऊजी गच्चीवर होते. ती हळूच म्हणाली, "ताई, मले एक शिशी आणून द्या. त्यायले सांगू नका. तुमाले माझी शपथ हाय." माझं डोकंच सणकलं. बाईच्या जिवापेक्षा याचे चौकोन मोठे झाले? पण शपथ घातलेली. तशीच स्कूटी काढली, उन्हात मेडिकलला गेले, बर्फाच्या डब्यात शिशी घालून आणली आणि मागच्या दारानं दिली. संध्याकाळी भाऊजी धने मागायला आले तेव्हा त्यांच्याकडे पाहवेना. ते मात्र सांगत होते की टेस्टिंग एकदम बराबर चालू आहे.

पुढचे तीन आठवडे मी आतल्या आत फणफणत काढले. हा माणूस तिला तिकडे डोंगरात नेणार, तिथं शिशी फुटणार, आणि तिथं मी नसणार. रोज हेच मनात. आणि याच्या जोडीला दुसरंही एक मनात होतं, की दुपारी चार वाजता मी कोणाशी बोलू. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, ते मी तेव्हा पाहिलं नाही.

बारावा बुधवार झाला. गुरुवारी सकाळी त्यांनी मला चहाला बोलावलं. प्लेटमध्ये आदल्या दिवशीचे पेढे. कागदावर बाराही चौकोनांत बरोबरच्या खुणा. भाऊजी नवा शर्ट घालून बसलेले. म्हणाले, "पास झालो, वहिनी. आता दहा वाजता त्याले फोन करतो, पावसाआधी राहाले येतो म्हणून." मी पेढा खाली ठेवला. म्हटलं, भाऊजी, पास नाही झालात. आणि सांगून टाकलं. शुक्रवार, शिशी, मेडिकल, बर्फाचा डबा, सगळं. तावातावानं बोलले. तुमच्या हट्टापायी ही बाई एखाद दिवशी जिवानिशी जाईल, असंही बोलले.

नलू स्वयंपाकघराच्या दारात कपबशा घेऊन उभी होती. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. "खरं हाय का?" तिनं मान हलवली. मला वाटलं आता हा माणूस तिच्यावर ओरडणार, मी तयारीतच होते. तर उठले, कागद काढला, व्यवस्थित चार घड्या घातल्या आणि म्हणाले, "मंग फेल हाय. एक पीस फेल, तर पूरा लॉट वापस." तिथंच माझ्यासमोर फोन लावून त्या सोबत्याला सांगितलं की आमचं जमत नाही, दुसऱ्याला दे. आवाज अगदी स्टोअरमधला. फोन ठेवून मला म्हणाले की तुम्ही बरं केलं.

इथं एक गोष्ट आहे, जी मी कोणाला सांगितलेली नाही. घरात दोन शिश्या जास्तीच्या ठेवल्या की प्रश्न मिटत होता. लाइट गेली तर माठाजवळ ओल्या फडक्यात राहिल्या असत्या, खेड्यापाड्यांत लोक ठेवतातच. एक पोळी शिल्लक ठेवणाऱ्या माणसाला हे पटवायला दोन मिनिटं लागली नसती. मला ते तिथंच, पेढ्याच्या प्लेटसमोर सुचलं होतं. मी बोलले नाही. फोन लागेपर्यंत वेळ होता, तरी बोलले नाही.

नलू पंधरा दिवस चहाला आली नाही. शपथ मोडली म्हणून रुसली असेल, असं मी धरून चालले. मग यायला लागली. भाऊजी पुन्हा रोज साहूकडे जायला लागले, दिवसातून तीनदा, कधी एक लिंबू, कधी एक साबण. माझ्याकडे वाटी घेऊन आले नाहीत. सुकसी संपली, पुन्हा केली नाही. पायरीवर बसून ते रस्त्यावरच्या गाड्या पाहायचे आणि खोकायचे. मी एकदा म्हटलं, भाऊजी, दोन दिवस फिरून तरी या तिकडे. म्हणाले, "वापस केलेल्या मालाकडं पाहू नये, वहिनी." त्या माणसाचा मला तेव्हाही संताप आला. इतकं सरळ असू नये माणसानं. थोडं भांडावं, खोटी खूण करावी, दुसरे बारा बुधवार मागावे. काय बिघडलं असतं?

दुसऱ्या हिवाळ्यात गेले. फुप्फुसांत काही उरलं नव्हतं, डॉक्टर म्हणाले. सतरा दिवस दवाखान्यात होते.

तेरवी झाल्यावर पाहुणे गेले आणि नलू नि मी मागच्या अंगणात बसलो होतो. मी तिला धीर द्यायला म्हटलं, की त्या डोंगरात असं झालं असतं तर दवाखानाही मिळाला नसता, देवानं इथंच ठेवलं ते बरं. तिनं नळाकडे पाहिलं. मग म्हणाली,

"मले जायचं होतं, ताई."

मी म्हटलं, काय?

"तिथं दोन दिवस राहिलो ना, तवा हे दोन्ही राती खोकलले नाही. एकदाही नाही. मी जागी राहून ऐकत होती. म्हणून शिशीचं लपवलं. मी भ्याली नव्हती. ते फेल होऊ नये म्हणून."

मला तिनं काही दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले तरी असते. ती उठून आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

नलू अजून शेजारीच आहे. रोज चार वाजता चहाला येते, आम्ही मराठीत बोलतो. मला पाहिजे होतं तसंच झालं.