टेक्निकलच्या वर्गातला पहिला तास
कानशीनं घासलेल्या लोखंडाचा वास आला की चिंचवडची आमची शाळा आठवते. एका वर्षी तिथं टेक्निकलचा नवा वर्ग निघाला आणि मी त्याच वर्गाचा हट्ट धरला. "पोरी, शिवणवर्ग पलीकडं," सर म्हणाले. पण सोबत आलेले आबा, माझे वडील, म्हणाले, "तिला ह्येच शिकायचंय सर, शिकू द्या की." सरांनी हसून माझ्या हाती कानस दिली आणि मी लोखंडाची पट्टी घासत सुटले. गंज झडून ती लख्ख चमकली, तशी ओरडले, "आबा, बघा!" आबांनी टोपी मागं सारली. "दे, मलाबी घासून बघू दे!" घंटा झाली तरी त्यांना कानस खाली ठेववेना. पुढं मी कारखान्यात नोकरी केली. पण त्या दिवशी जास्त खूश मी होते की आबा, हे मला अजून ठरवता येत नाही.